पडद्यातल्या बायकांचे फोटो काढणारी नाजिये

आपल्याकडे अनेक घरांत दादी-नानीचा एकच फोटो सापडतो, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. तरुणपणी त्या कशा दिसायच्या, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. परक्या पुरुषासमोर फोटोला बसायचं नाही, आणि कॅमेरा तर पुरुषाच्याच हातात! शंभर वर्षांपूर्वी इस्तंबूलच्या बायकांचीही हीच अडचण होती. ती दूर करणाऱ्या नाजिये हानम यांची आम्ही आज ओळख करून देत आहोत. हानम म्हणजे आपलं खानम.

नाजिये यांचा जन्म 1881 चा, उस्कुप शहरातला. आज त्याला स्कोप्ये म्हणतात. तेव्हा तिथे उस्मानी सल्तनत होती. वडील सालिह बे फौजेत मेजर. 1903 मध्ये लग्न झालं तेही फौजी अधिकाऱ्याशी, इस्माईल हक्की बे यांच्याशी. 1912 ला बाल्कन युद्ध पेटलं, उस्कुप सल्तनतीच्या हातून गेलं, आणि हजारो मुस्लिम कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. याच उलथापालथीच्या वर्षांत काही काळ ऑस्ट्रियात राहणं झालं. तिथे नाजिये यांना कॅमेऱ्याचा नाद लागला.

महायुद्धाने हा नाद कामाला लावला. पती आघाडीवर, पदरात मुलं, हातात पैसा नाही. घरातल्या किमती वस्तू विकून किती दिवस निघणार? शेवटी 1919 मध्ये त्यांनी राहत्या हवेलीच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला आणि बाहेर तुर्की स्त्रियांसाठी फोटोग्राफीची पाटी लावली. इस्तंबूल तेव्हा इंग्रज-फ्रेंच फौजांच्या ताब्यात होतं, हेही लक्षात घ्या.

शहरात फोटोवाले कमी नव्हते. आर्मेनियन अब्दुल्ला बंधू तर एके काळी खुद्द सुलतानाचे फोटोग्राफर होते. पण पडद्यातली बाई तिथे जाणार कशी? नाजियेंकडे मात्र ती निर्धास्त नकाब बाजूला करू शकत होती. सैनिकांच्या बायका यायच्या, फोटो काढून घ्यायच्या आणि लांब आघाडीवरच्या नवऱ्याला पाठवायच्या. परत भेट होईल की नाही, कुणाला ठाऊक! पडदा मोडा असं नाजियेंनी कुणाला सांगितलं नाही, पडद्यामुळे फोटो नको असंही मानलं नाही. आम्हाला त्यांची ही समज फार मोलाची वाटते.

शाही घराण्यातल्या मुलांनाही त्यांनी फोटोग्राफी शिकवली. पुढे स्टुडिओ बायझीद भागात हलवला आणि 1930 च्या सुमारास बंद केला. 1934 मध्ये तुर्कस्तानात आडनावाचा कायदा आला, तेव्हा त्या नाजिये सुमन झाल्या. (आपल्या सुमनताईंशी या नावाचा काही संबंध नाही!)

1973 मध्ये अंकारात त्यांचा इंतेकाल झाला. तुर्कस्तानात स्वतःचा स्टुडिओ चालवणारी पहिली मुस्लिम स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात, पण त्यांनी काढलेले फोटो आज फार थोडे मिळतात. ते प्रदर्शनासाठी काढलेच नव्हते. कुणाच्या तरी नवऱ्यासाठी काढले होते, आणि त्याच्याकडेच गेले.