एका डोळ्याचा टायगर

मी खंडाळ्याचा. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की समोरची गाडी किती लांब आहे हेच कळत नाही. एकदा गावच्या मैदानावर गंमत म्हणून उजवा डोळा झाकून कॅच घ्यायला गेलो. बॉल थेट कपाळावर! दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या बारीक फरकावरून मेंदू अंतर ताडतो, ते तेव्हा पटलं. आणि मन्सूर अली खान पतौडी आठवले.

१ जुलै १९६१. इंग्लंडमध्ये होव्ह इथे कारला अपघात झाला, काच उजव्या डोळ्यात गेली आणि त्या डोळ्याची नजर जवळजवळ संपली. वय अवघं २०. पुन्हा खेळायला उतरले तर एकाचे दोन बॉल दिसायचे. मग टोपी उजव्या डोळ्यावर ओढून ते खेळू लागले. सहा महिन्यांच्या आत दिल्लीत पहिली टेस्ट, जानेवारीत मद्रासला शतक! मार्च १९६२ मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर जखमी झाले आणि २१ व्या वर्षी कॅप्टनशिप यांच्या गळ्यात पडली. १९६४ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३. १९६८ ला त्यांच्याच टीमने न्यूझीलंडमध्ये परदेशातली पहिली मालिका जिंकली. वेलिंग्टनला आपल्या अजित वाडेकरांनी १४३ काढले. १९७१ ला कॅप्टनशिप वाडेकरांकडे गेली. २०११ मध्ये पतौडी गेले.

मित्रांनो, एम-थ्रीची केटी लागली तेव्हा मी महिनाभर मेसमध्येही तोंड लपवून जायचो. आता मात्र पुन्हा फॉर्म भरलाय. माझे तर दोन्ही डोळे शाबूत आहेत!