मातीतल्या पाण्याचा माग : कार्ल टेरझागी

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कार्ल टेरझागी हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. पायाच्या भारक्षमतेचे त्यांचे सूत्र, त्यातले तीन गुणक आणि चिकणमाती दबण्याचे समीकरण, एवढे पाठ झाले की काम भागते. मी हा विषय शिकवतो, आणि दरवर्षी मनात येते की सूत्रांवर आंधळा विश्वास ठेवू नका असे सांगण्यात ज्या माणसाने उतारवय घालवले, त्यालाच आपण सूत्रांखाली पुरून टाकले आहे. म्हणून हा लेख. कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनी पाने उलटू नयेत. यात गणित नाही.

टेरझागींचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील सैन्यात अधिकारी, तेव्हा मुलालाही लहानपणीच लष्करी शाळेच्या वसतिगृहात घातले गेले. मात्र सैन्याची वाट त्याने धरली नाही. १९०० साली ग्राझच्या तंत्रविद्यापीठात तो यंत्र अभियांत्रिकी शिकू लागला, आणि रमला भलत्याच गोष्टींत. डोंगर चढणे, भूशास्त्राची व्याख्याने आणि दंगामस्ती यांत त्याचे दिवस जात. दंगामस्ती इतकी वाढली की एकदा नाव कमी होण्याची पाळी आली होती; एका प्राध्यापकांनी रदबदली केली म्हणून निभावले. (माझ्या वर्गातील काही मंडळींनी एवढेच वाक्य लक्षात ठेवू नये.) १९०४ साली पदवी मिळाली. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूशास्त्रावरील एका इंग्रजी पुस्तकाचे जर्मन भाषांतर करून टाकले. पदवी यंत्रांची आणि ओढा जमिनीकडे, असा हा प्रकार.

नोकरी लागली ती व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत. जलविद्युत केंद्रे, क्रोएशियातील कामे, रशियात सेंट पीटर्सबर्ग येथील एका अडलेल्या इमारतीचे काम, असा अनुभव गाठीशी जमला. या सर्व कामांत एक गोष्ट त्यांना बोचत राहिली. लोखंडाच्या तुळईचे गणित दशांश चिन्हापर्यंत केले जाई. ज्या मातीवर ती सगळी इमारत उभी राहायची, तिच्याबाबत मात्र जुन्या कामगाराचा अंदाज हाच आधार. धरणे खचत, भिंती कलत, आणि कारण विचारले की जमीन वाईट होती एवढेच उत्तर मिळे.

१९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेला गेले. पश्चिमेकडील मोठ्या धरणांच्या जागा पाहायच्या, तेथील भूस्तर आणि बांधकामाला आलेले यश-अपयश यांची नोंद करायची, की नियम आपोआप हाती येतील, अशी त्यांची कल्पना होती. सुमारे दोन वर्षे ते फिरले. पैसे संपले तेव्हा मजुरी केली. १९१३ च्या अखेरीस परतले ते निराश होऊन. नोंदींचा ढीग जमला होता, पण नियम एकही नाही. कारण त्यांना पुढे उमगले. बारीक वाळू, मऊ चिकणमाती अशी नावे अभियंते वापरत. पण एकाच नावाच्या दोन माती दोन तऱ्हेने वागत. नावावरून वागणूक कळत नसेल तर नोंदी हव्या तितक्या जमवा, त्या मुक्याच राहणार.

पहिले महायुद्ध आले. सैन्यात काही काळ काढल्यावर, ग्राझमधील त्यांचे जुने गुरू फिलिप फोर्खहाइमर यांच्या प्रयत्नाने १९१६ साली त्यांना इस्तंबूल येथे अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया युद्धात एका बाजूचे. १९१८ मध्ये दोघेही हरले आणि टेरझागींचे पद गेले. सुदैवाने बॉस्फरसच्या काठावरील रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेत त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. पगार बेताचा, प्रयोगशाळा नाही. त्यांनी सिगारच्या रिकाम्या पेट्या आणि कॉलेजच्या भंगारातील तुकडे जमवून उपकरणे केली. नवी विद्या जन्मली ती या भंगारातून. अनुदान आल्याशिवाय संशोधन होत नाही असे म्हणणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हा इतिहास थोडा अडचणीचाच आहे.

त्या पेट्यांत त्यांना काय दिसले? ओली चिकणमाती म्हणजे अतिसूक्ष्म चपट्या कणांची रास, आणि कणांमधल्या पोकळ्यांत भरलेले पाणी. तिच्यावर घराचे ओझे ठेवले की ते प्रथम कणांवर येत नाही. ते पाण्यावर येते, कारण पाण्याला निसटायला वाट नसते. पाणी हळूहळू झिरपून बाहेर पडते, तसतसे ओझे कणांवर उतरते, कण जवळ येतात आणि घर खाली बसते. मातीची ताकद ठरवणारा दाब तो, जो पाण्याचा वाटा वजा करून कणांवर उरतो. वाळूतून पाणी चटकन निघते म्हणून वाळू लगेच बसते. चिकणमातीला वर्षे लागतात. थर दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. बांधताना सरळ असलेली इमारत दहा वर्षांनी का तडकते, याचे उत्तर प्रथमच हाती आले. १९२३ मध्ये त्यांनी हे समीकरण मांडले आणि १९२५ साली व्हिएन्नात त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृदायांत्रिकी या शास्त्राचा प्रारंभ त्याच वर्षापासून मोजतात.

त्याच वर्षी त्यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे बोलावणे आले. ही संस्था बॉस्टन शहरासमोर नदीपलीकडे आहे. त्या भागात खाली निळसर चिकणमातीचा जाड थर, आणि वर बर्फाचा हिवाळा. आपल्याला या दुसऱ्या गोष्टीची कल्पना नसते. तेथे थंडीत जमीनच गोठते, आणि गोठताना फुगून वर उचलली जाते. तिच्याबरोबर घराचा कोपरा, पायरी, कुंपणाचा खांबही उचलला जातो, आणि वसंतात बर्फ वितळले की खालचा चिखल होऊन तोच कोपरा खचतो.

पाणी गोठताना सुमारे शेकडा ९ ने फुगते, म्हणून जमीन उचलली जाते, असे तेव्हा सर्रास मानत. पण एवढ्याने हिशोब जुळत नव्हता. जमीन त्याहून कितीतरी जास्त उचलली जाई. स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३० साली पाण्याऐवजी बेंझीन वापरून दाखवले. बेंझीन गोठताना आकसते, तरीही माती फुगली! म्हणजे गोठणाऱ्या थराकडे खालून नवा द्रव ओढला जातो आणि बर्फाची भिंगासारखी चकती जाड होत जाते. टेरझागींचे सहायक आर्थर कासाग्रांदे हे १९२६ साली अमेरिकेत आले होते. त्यांनी न्यू इंग्लंडच्या रस्त्यांवर याच प्रश्नाचा पाठपुरावा करून १९३१ च्या सुमारास कसोटी दिली : लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण वजनाने शेकडा ३ पेक्षा अधिक असतील, तर ती माती थंडीत उचलली जाणार. गुरूने ओझ्याखाली पळणारे पाणी पाहिले, शिष्याने बर्फाकडे ओढले जाणारे पाणी मोजले.

टेरझागींनी घरांचे पाये घातले नाहीत. त्यांची कामे धरणांची, बोगद्यांची, बंदरांची. पण तिकडच्या थंड, चिकण प्रदेशात घराचा काँक्रीटचा पाया घालणारा साधा ठेकेदार जे नियम पाळतो, त्यांचा अर्थ या गुरुशिष्यांच्या कामातून लागतो. जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्या खाली पाया न्यायचा. बॉस्टनकडे तो निदान ४ फूट खाली असतो. एवढे खणायचेच तर आणखी थोडे खणून तळघर करावे, अशी तिकडची रीत. खड्ड्याचा तळ हलवलेला किंवा चिखल झालेला नको. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतायचे नाही, कारण ती वितळली की आधार गेला. शिवाय तापमान सुमारे ५ अंशांखाली उतरले की सिमेंट धरायला फार वेळ लावते, म्हणून ताजे काँक्रीट झाकून उबेत ठेवायचे. पायाभोवती खडीत भोकांची नळी टाकून पाण्याला वाट द्यायची. आणि भिंतीलगत खणून काढलेली चिकणमाती परत भरायची नाही, तेथे खडी-वाळू भरायची; कारण ओली चिकणमाती गोठली की भिंतीला चिकटते आणि स्वतः वर जाताना भिंतीलाही धरून नेते. पाया खोल असूनही घर उचलले जाते ते या कुशीतल्या मातीमुळे. यातला जवळजवळ प्रत्येक नियम मातीतल्या पाण्याशी येऊन भिडतो.

बर्फ आपल्याकडे नाही, पण पाणी आहे. सौंदत्ती-बैलहोंगलकडची काळी रान, जिला आपले कन्नड बांधव एरे मण्णू म्हणतात, ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून जोते उचलते. कारण वेगळे, दुखणे त्याच घराण्यातले. म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बुंध्याशी फुगीर असलेले खांब-पाये पुढे आणले, आणि खोल काळ्या मातीत ते साडेतीन मीटर तरी खाली नेतात. ऋतूची हालचाल पोचत नाही तेथे पाय रोवायचा. बॉस्टनच्या ठेकेदाराचीच युक्ती.

असो. १९२९ च्या अखेरीस टेरझागी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. जगभरचे तरुण अभियंते तेथे येऊ लागले. १९३६ मध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हार्वर्ड येथे भरली, कासाग्रांदे यांनी ती जुळवून आणली आणि टेरझागी तिचे अध्यक्ष झाले. कीर्तीचा कळस म्हणावा असा तो क्षण. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिएन्नात त्यांच्याच विद्यापीठातील एका सहकाऱ्याची पुस्तिका निघाली.

ते सहकारी म्हणजे यामिकीचे प्राध्यापक पॉल फिलुंगर. दगडी धरणाच्या पोकळ्यांतील पाण्याच्या दाबाचा अभ्यास त्यांनी १९१३ पासूनच केला होता, आणि टेरझागींच्या मूळ विचाराच्या अगदी जवळ ते आधीच पोचले होते. पुस्तिकेत त्यांनी मृदायांत्रिकी हे खोटे शास्त्र आहे आणि तिचे प्रवर्तक लोकांची दिशाभूल करतात, असा जाहीर आरोप केला. भाषा विखारी होती. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीचे मत फिलुंगर यांच्या विरुद्ध चालले आहे हे स्पष्ट झाले, आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी यांनी एकत्र आत्महत्या केली.

पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण नसते. मला ते वगळणे पटत नाही. फिलुंगर यांचे आरोप अन्याय्य होते यात शंका नाही. पण त्या पुस्तिकेत विखाराच्या आड सच्छिद्र पदार्थातील घन आणि द्रव यांची एक स्वतंत्र गणिती मांडणी होती, ती तेव्हा कोणी शांतपणे वाचली नाही. जर्मन अभ्यासक राइंट द बूर यांनी जुनी कागदपत्रे तपासून २००५ साली या प्रकरणावर ग्रंथच लिहिला, आणि सच्छिद्र पदार्थांच्या आधुनिक सिद्धान्ताचे मूळ फिलुंगर यांच्याकडे जाते हे दाखवले. दोन माणसे एकाच पाण्याचा माग काढीत होती. एकाला जग मिळाले. दुसऱ्याने आपल्या उपेक्षेचे रूपांतर द्वेषात केले आणि त्यात तो जळाला. कोणी एक खलनायक ठरवून मोकळे होण्यासारखे हे नाही.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला, आणि त्याच वर्षी टेरझागी पत्नी रूथ यांच्यासह अमेरिकेत गेले. रूथ स्वतः भूशास्त्रज्ञ होत्या. हार्वर्डमध्ये शिकवता शिकवता त्यांनी शिकागोच्या मऊ चिकणमातीतून जाणाऱ्या भुयारी रेल्वेच्या कामात सल्ला दिला. तेथे राल्फ पेक हा तरुण त्यांचा सहकारी झाला. दोघांनी मिळून १९४८ साली लिहिलेले पुस्तक आजही आमच्या ग्रंथालयांत असते. पाया गोठणाऱ्या आणि ऋतूबरोबर हलणाऱ्या थराच्या खाली न्यावा, हा नियम त्यातही आहे. कायम गोठलेल्या जमिनीवर त्यांनी १९५२ मध्ये निबंध लिहिला. तसल्या मुलखात अडचण उलटी असते : घराची ऊब खालच्या बर्फाला वितळवते आणि घर स्वतःच्याच पायाखालची जमीन पातळ करते.

या काळात त्यांचा भर गणितावरून निरीक्षणाकडे वळला होता. जमिनीत काय दडले आहे हे आधी पुरते कळत नाही. म्हणून अंदाज बांधा, मापनाची साधने बसवा, काम चालू असताना पाहत राहा, अंदाज चुकला तर काय करायचे तेही आधीच ठरवून ठेवा. अंदाज चुकू शकतो हे कागदावर लिहून ठेवणे कंत्राटदाराला आवडत नाही, सरकारला त्याहून नाही. इजिप्तमधील आस्वान उच्च धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. रशियन अभियंत्यांशी मतभेद झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात होते. मिशन धरण. ते ज्या जमिनीवर उभे करायचे तीत खूप दबणारी चिकणमाती होती. दुसरा कोणी जागा बदलण्याचा सल्ला देता. त्यांनी माती-दगडाचे धरण आखले आणि बसताना पडणाऱ्या भेगांतून पाणी झिरपू नये म्हणून प्लॅस्टिकचे आवरणही योजले. १९६० साली धरण पुरे झाले. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे राहत्या गावी टेरझागी वारले. मिशन धरणावरील त्यांचा निबंध इव्ह लाक्रोआ यांच्यासह पुढच्या वर्षी छापून आला, आणि १९६५ मध्ये त्या धरणाला टेरझागी धरण हे नाव देण्यात आले.