मैदानात उतरू द्या : पहिलवान खाशाबा जाधव



वार्षिक खेळकूद स्पर्धांसाठी नावे मागवली की काही मुले मागेच राहतात. कोणी अंगाने लहानखुरा असतो, तर कोणाला घरून परवानगी नसते. अशा मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी खाशाबा जाधव यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे ते मल्ल होत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः पहिलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे धडे त्यांना घरीच, अगदी लहान वयात मिळाले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तेथे धिप्पाड मल्लांची काय कमी! खाशाबांची उंची मात्र जेमतेम साडेपाच फूट आणि बांधा सडपातळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव देण्यास ते गेले, तेव्हा त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा निराश होऊन घरी बसले नाहीत. ते थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना स्पर्धेत उतरण्याची परवानगी दिली आणि या सडपातळ मुलाने आपल्याहून दणकट गड्यांना चीत केले. ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच हे त्यांचे खरे बळ होते. ढाक हा तर त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला जाण्याची संधी मिळाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी पुढील चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडही सहज झाली नाही. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी जिंकली. आता प्रश्न होता पैशांचा. गावकऱ्यांनी आणि दुकानदारांनी यथाशक्ती वर्गणी दिली. प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने घर गहाण ठेवावे, याहून मोठा विश्वास कोणता?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती दीर्घकाळ चालली व त्यात ते हरले. त्यानंतर विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले, पण कांस्यपदक त्यांच्या नावावर लागले. दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे वाट पाहावी लागली.

परतल्यावर कराड स्टेशनापासून गावापर्यंत दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जल्लोष संपताच खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. पदकापेक्षा ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. तेथे सत्तावीस वर्षे सेवा केली, तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० साली. ज्या देशासाठी ते लढले, त्याने त्यांची दखल फार उशिरा घेतली.

आपल्या माळव्यातही आखाड्यांची परंपरा जुनी आहे. परंतु आज परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम खेळाचा तास कापला जातो. पालकांना विनंती की तो तास मुलांकडून हिरावून घेऊ नये. विश्वस्त मंडळींना विनंती की मैदान आणि खेळाचे साहित्य यांवरील खर्च प्रयोगशाळेइतकाच आवश्यक मानावा. आणि शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे की मुलाची उंची किंवा छाती पाहून त्याचे नाव यादीतून गाळू नये. जिंकणे-हरणे मैदान ठरवील. उतरण्याची संधी देणे हे आपले काम आहे.

— प्राचार्य