असईचा सेनापती आणि मुरलेली मादेरा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे झालेल्या लढाईने दख्खनचे राजकारण पालटले. ती जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर त्याने नेपोलियनला नमवले. त्याच्या युद्धकौशल्यावर विपुल लिहिले गेले आहे. मात्र मद्याच्या महापुरात वावरूनही तो स्वतःला कसा सांभाळून राहिला, ही कथा तुलनेने कमी परिचित आहे.

वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये डब्लिनमधील एका सरदार घराण्यात झाला. लहानपणी त्याच्याकडून कुणाला फारशी अपेक्षा नव्हती. व्हायोलिनवर त्याचे प्रेम होते. पण १७९३ मध्ये त्याने ती वाद्ये जाळून टाकली आणि सैनिकी पेशा गांभीर्याने पत्करला. १७९७ मध्ये ३३व्या पलटणीचा कर्नल म्हणून तो कोलकात्यात उतरला.

त्या काळचे इंग्रजी कोलकाता मद्यात बुडालेले होते. विल्यम हिकी या वकिलाने आपल्या आठवणींत तेथील मेजवान्यांची वर्णने केली आहेत. प्याल्यामागून प्याले रिचवणे हा तेथे पुरुषार्थ समजला जाई आणि तरुण वेलस्लीही त्या मैफलींत बसत असे. या सवयीची किंमत त्याला लवकरच पाहावी लागली. त्याच वर्षी मनिलाच्या मोहिमेवर निघालेल्या जहाजावर पलटणीचा धर्मोपदेशक ब्लंट मद्याच्या अमलाखाली विवस्त्र होऊन सैनिकांमध्ये धावत सुटला. शुद्धीवर आल्यावर तो लज्जेने खचला. वेलस्लीने स्वतः जाऊन त्याची समजूत घातली, परंतु व्यर्थ. काही दिवसांतच ब्लंटने प्राण सोडला.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेजांवर तेव्हा मादेरा या वाइनचा मान मोठा होता. आपल्या मदिरेशी तिचे नामसाधर्म्य असले, तरी पोर्तुगीज भाषेत मादेरा म्हणजे लाकूड. अटलांटिक महासागरातील त्या नावाच्या बेटावर डोंगरउतारांवर पायऱ्या खोदून लहान लहान शेतकरी कुटुंबे द्राक्षे पिकवीत. सर्सियाल, व्हर्देल्यो, बुआल, माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षांच्या जाती तेथे नावाजलेल्या. वाइन टिकावी म्हणून तीत द्राक्षांचाच ऊर्ध्वपातित अर्क मिसळत. हिंदुस्थानकडे येणारी जहाजे वाटेत तेथे पिंपे चढवीत. विषुववृत्तावरच्या उन्हात, लाटांच्या हिंदोळ्यावर महिनोन्‌महिने प्रवास करूनही ही वाइन बिघडत नसे. उलट लोणचे मुरावे तशी मुरून अधिक स्वादिष्ट होई. समुद्रप्रवास करून युरोपात परतलेल्या पिंपांना म्हणूनच अधिक भाव मिळे.

दख्खनमध्ये वेलस्लीचा सहवास लाभलेल्या कॅप्टन जॉर्ज एलर्सने त्याची राहणी नोंदवून ठेवली आहे. जेवणात भाजलेले मटण आणि सॅलड त्याला प्रिय. जेवताना सोबत्यांबरोबर चार-पाच प्याले आणि त्यानंतर थोडी क्लॅरेट, एवढ्यावर तो थांबे. आज हे प्रमाण कमी वाटणार नाही. पण त्या काळाच्या मापाने तो मिताहारी आणि मितपानी गणला गेला.

हे भान रणांगणावर उपयोगी पडले. १८०२ च्या वसईच्या तहानंतर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. सप्टेंबर १८०३ च्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. २१ सप्टेंबरला तो आणि वेलस्ली बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी निघाले. २३ तारखेला मराठ्यांची प्रचंड फौज अचानक समोर दिसली, तेव्हा वेलस्लीजवळ जेमतेम ७ हजार माणसे होती. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. पण पैलतीरांवर समोरासमोर दोन गावे पाहून त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला.

विजय मात्र रक्ताने माखलेला होता. इंग्रजांकडील मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून संख्या १,५८४ झाली. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीच झुंजत राहिले. मेल्याचे सोंग घेऊन पुन्हा तोफा डागणारे वीरही त्यांत होते. त्या रात्री वेलस्ली एका गोठ्यापाशी प्रेतांच्या सान्निध्यात पडून राहिला आणि झोपेतून दचकून उठत राहिला. जखमींची व्यवस्था पुढे अजिंठ्याला करण्यात आली.

१८०५ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. १२ मे १८०९ रोजी पोर्तुगालमधील पोर्तू शहरासमोर पुन्हा नदीच आडवी आली. एका न्हाव्याने दाखवलेल्या, वाइनची पिंपे वाहणाऱ्या चार नावांतून त्याचे सैनिक दोरू नदी ओलांडून गेले आणि फ्रेंच सेनापती सूल्तसाठी शिजलेले भोजन त्याने केले. १८१३ मध्ये स्पेनने त्याला ग्रॅनडाजवळची जहागीर दिली. तरीही पॅरिसमधील एका खवय्या यजमानाने पदार्थाची चव विचारली असता, आपण काय खातो याकडे आपले फारसे लक्ष नसते, असे उत्तर देऊन त्याने त्या गृहस्थाला निराश केले.

१८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि १४ सप्टेंबर १८५२ रोजी निवर्तला. युद्धात आपण केलेली सर्वोत्तम कामगिरी कोणती, या प्रश्नाला उतारवयात त्याने वॉटर्लू नव्हे, तर असई हे नाव घेतले होते. अवर्षणाशी झगडणाऱ्या त्याच जालना जिल्ह्यात पाणलोट विकासाच्या बळावर कडवंचीसारख्या गावाने द्राक्षबागा फुलवल्या आहेत. द्राक्षाचा रस मुरायला काळ लागतो आणि त्याचा आस्वाद घ्यायला संयम. ब्लंटला तो साधला नाही. वेलस्लीला साधला, आणि त्याची किंमत असईच्या गोलंदाजांना मोजावी लागली.