विश्लेषण : ब्रेक्झिटच्या ३५ वर्षे आधी ग्रीनलँडला युरोपातून बाहेर काढणारे जोनाथन मोट्झफेल्ट कोण होते?

ग्रीनलँड विकत घेण्याचा विषय डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये काढला, तेव्हापासून हे बर्फाळ बेट सतत बातम्यांत आहे. पण तेथील कारभार तेथील लोकांनी पाहायचा, ही व्यवस्था आली कुठून? त्यासाठी एका धर्मगुरूची कारकीर्द पाहावी लागते.

जोनाथन मोट्झफेल्ट यांचा जन्म १९३८ मध्ये दक्षिण ग्रीनलँडमधील कासिमिउत या छोट्या वस्तीत झाला. ग्रीनलँड तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. आधी शिक्षकाचे प्रशिक्षण, मग कोपनहेगनमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण आणि त्यानंतर चर्चची सेवा. १९७१ मध्ये ते प्रांतिक परिषदेवर निवडून आले.

वाद माशांचा, प्रश्न हक्काचा

युरोपीय समुदायात जायचे का, यावर १९७२ मध्ये डेन्मार्कमध्ये सार्वमत झाले. ग्रीनलँडमधील सुमारे ७० टक्के मतदारांनी नकार दिला. आपल्या समुद्रात युरोपचे ट्रॉलर घुसतील, ही भीती त्यामागे होती. पण १९५३ पासून ग्रीनलँड डेन्मार्कचाच भाग असल्याने या नकाराला किंमत उरली नाही आणि १९७३ मध्ये बेटाला समुदायात जावेच लागले. याच डेन्मार्कच्या फेरो बेटांना मात्र १९४८ पासून होमरूल होते. ती बाहेर राहिली. हा फरक डोळ्यांत भरणारा होता.

मोट्झफेल्ट यांनी लार्स-एमिल योहानसेन आणि मोझेस ओल्सेन यांच्यासोबत ‘सिउमुत’ (अर्थ : पुढे) हा पक्ष उभा केला. जानेवारी १९७९ च्या सार्वमतात होमरूलला मोठा कौल मिळाला. पहिल्या निवडणुकीत सिउमुतने २१ पैकी १३ जागा जिंकल्या आणि मोट्झफेल्ट पहिले पंतप्रधान झाले.

खरी कसोटी पुढे होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये समुदाय सोडण्याच्या बाजूने जेमतेम ५३ टक्के मते पडली. नंतरच्या वाटाघाटींतून निघालेला तोडगा हुशारीचा होता : युरोपच्या बोटींना ठरावीक मासेमारी करू द्यायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि ग्रीनलँडची मासळी युरोपात आयात शुल्काविना विकायची. १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलँड बाहेर पडले. लोकसंख्या होती ५० हजारांच्या आसपास!

डेन्मार्कशी मात्र त्यांनी कधी काडीमोड घेतला नाही. तिजोरीचा मोठा भाग कोपनहेगनच्या अनुदानावर चाले. संरक्षण आणि परराष्ट्र धोरणही तिकडेच होते. १९९१ मध्ये पद गेले. १९९७ मध्ये ते परतले आणि या दुसऱ्या कारकिर्दीत अधिक अधिकारांसाठी स्वयंशासन आयोग नेमला गेला. पण २००२ मध्ये स्वपक्षाच्याच हान्स एनोक्सेन यांनी त्यांची जागा घेतली.

२१ जून २००९ रोजी स्वयंशासन कायदा लागू झाला. खनिजांवरचा हक्क ग्रीनलँडकडे आला, ग्रीनलँडी भाषा अधिकृत ठरली आणि स्वातंत्र्याचा निर्णय तेथील जनता घेईल, हेही कायद्यात नोंदले गेले. मोट्झफेल्ट यांचे निधन पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर २०१० रोजी झाले.