लिओ सिलार्ड : अणूपासून आरोग्यापर्यंत

अणुबाँबची गोष्ट निघाली की आईन्स्टाईन, ओपेनहायमर ही नावे चटकन ओठावर येतात. लिओ सिलार्ड हे नाव फारसे कोणी घेत नाही. वास्तविक न्यूट्रॉनच्या साखळीने अणूतील शक्ती मोकळी करता येईल हे प्रथम सुचले ते या ज्यू शास्त्रज्ञांना. आणि पुढे अणुभट्टीतून मिळणाऱ्या किरणांनीच त्यांनी स्वतःचा कर्करोग बरा करून घेतला. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सिलार्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील इंजिनियर. घराण्याचे मूळ आडनाव स्पिट्झ. १९०० साली ते बदलून सिलार्ड असे हंगेरियन आडनाव घेतले. पहिल्या महायुद्धात लिओंना सैन्यात भरती केले, पण इन्फ्लुएन्झाने ते अंथरुणाला खिळले आणि आघाडीवर गेले नाहीत. युद्ध संपल्यावर हंगेरीत ज्यूद्वेष उफाळला. १९१९ साली लिओ व त्यांचे बंधू बेला यांनी कागदोपत्री ख्रिस्ती धर्म लावला, तरीही विद्यार्थ्यांनी त्यांना ज्यू म्हणून विद्यापीठाच्या पायऱ्यांवरच अडवले. त्या वर्षअखेर लिओ बर्लिनला निघून गेले.

बर्लिनमध्ये त्या काळी आईन्स्टाईन, प्लांक, लाउए अशी मंडळी शिकवीत होती. सिलार्ड यांनी इंजिनियरिंग सोडले व सैद्धांतिक भौतिकशास्त्र धरले. १९२२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९२९ च्या एका निबंधात त्यांनी दाखवून दिले की नुसती माहिती मिळवण्यालाही निसर्ग किंमत वसूल करतो. आजच्या माहितीशास्त्राचे एक मूळ या निबंधात आहे.

पण कागदावरच्या गणितात रमून जाणारे ते नव्हते. बर्लिनमधील एक कुटुंब घरच्या रेफ्रिजरेटरमधून गळालेल्या विषारी वायूने मेल्याची बातमी आली. तेव्हा आईन्स्टाईन व सिलार्ड या दोघांनी मिळून गळती होणारच नाही असे रेफ्रिजरेटर आखले आणि त्यांची पेटंटे घेतली. १९२८-२९ मध्ये सिलार्ड यांनी कणांना वेग देणाऱ्या दोन यंत्रांच्या पेटंटांसाठी अर्ज केले. त्यांपैकी एक रेषीय प्रवेगक. याच जातीच्या यंत्रांनी आज मोठ्या इस्पितळांत कर्करोग्यांना किरणोपचार देतात.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. सिलार्ड दोन बॅगा भरून तयारच होते. मार्चअखेर ते व्हिएन्नाच्या गाडीत बसले तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खचाखच भरली आणि सरहद्दीवर लोकांना अडवून त्यांच्या झडत्या घेतल्या गेल्या. एका दिवसाचे अंतर! देश सोडण्याची वेळ म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना निराळे सांगायला नको; आपण सुखरूप निघालो, त्यांना जीव घेऊन निघावे लागले. लंडनला पोचल्यावर त्यांनी आधी स्वतःची नोकरी शोधली नाही. जर्मनीतून हाकललेल्या अध्यापकांना आसरा देणारी समिती उभी करण्यात ते गुंतले.

त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनचा एक रस्ता ओलांडताना साखळी क्रियेची कल्पना त्यांच्या मनात आली. १९३४ च्या उन्हाळ्यात सेंट बार्थोलोम्यू या इस्पितळातील रेडियम वापरून त्यांनी चामर्स यांच्याबरोबर प्रयोग केले. आयोडिनच्या अणूत न्यूट्रॉन शिरला की त्या अणूला धक्का बसतो व तो आपल्या संयुगातून सुटतो. मग किरणोत्सारी झालेले असे अणू पाण्याने वेगळे काढता येतात. किरणोत्सारी द्रव्ये शुद्ध स्वरूपात मिळवण्यास ही रीत पुढे फार उपयोगी पडली.

नंतरचा इतिहास सर्वांना माहीत आहे. हिटलर आधी बाँब करील या भीतीने सिलार्ड यांनी आईन्स्टाईनकडून रूझवेल्टना पत्र पाठवले. त्यावर तारीख होती २ ऑगस्ट १९३९. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मी व सिलार्ड यांच्या मांडणीची पहिली अणुभट्टी चालू झाली. पण जर्मनी शरण आल्यावर जपानच्या शहरांवर बाँब टाकू नये म्हणून जुलै १९४५ मध्ये सिलार्ड यांनीच अर्ज लिहिला आणि त्यांच्यासह ७० शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. तो अर्ज अध्यक्ष ट्रूमनपर्यंत पोचलाच नाही.

आम्ही वर्गात अणूचा धडा शिकवीत असू तेव्हा गोष्ट येथेच, हिरोशिमाशी, संपत असे. ती पुढेही जाते. २ ऑगस्ट १९४६ रोजी, त्या पत्राला बरोबर सात वर्षे झाली तेव्हा, ओक रिज येथील अणुभट्टीतून किरणोत्सारी कार्बन सेंट लुईसच्या एका कर्करोग इस्पितळाकडे रवाना झाला. सिलार्ड यांनीही भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्र धरले आणि १९५० मध्ये नोविक यांच्यासह जंतूंची वाढ एका गतीने चालू ठेवणारे केमोस्टॅट हे उपकरण बनवले.

१९६० च्या सुमारास त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया नाकारून, डॉक्टर असलेल्या आपल्या पत्नी ट्रुडे यांच्या सल्ल्याने, त्यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळात कोबाल्ट ६० च्या उपचारांची आखणी स्वतः केली. १९६२ साली मात्रा वाढवून ते पुन्हा घेतले. रोग उलटला नाही. इस्पितळाच्या खोलीत बसून ते अण्वस्त्रबंदीची पत्रे लिहीत. अखेरचे दिवस पोलिओ लशीचे जनक साल्क यांच्या संस्थेत, कॅलिफोर्नियात गेले. ३० मे १९६४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

कोबाल्ट ६० अणुभट्टीत तयार होतो व पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात निम्मा उरतो. म्हणून एकदा भरलेला कोबाल्ट वर्षानुवर्षे कामी येतो. जेथे वीज बेभरवशाची आणि पैसा थोडा, तेथील रुग्णांना हे यंत्र परवडते. आपल्या मुंबईजवळच्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राने असे स्वस्त यंत्र बनवले, त्याचे नाव भाभाट्रॉन.

ज्ञान शोधून काढले म्हणजे शास्त्रज्ञाचे काम संपले, असे सिलार्ड यांनी कधी मानले नाही. ते कोणाच्या हाती पडते इकडे त्यांनी अखेरपर्यंत लक्ष ठेवले. आपली नातवंडे आज विज्ञान शिकत आहेत. त्यांना सिलार्ड यांची ही गोष्ट, हिरोशिमाच्या पुढच्या भागासह, आपण जरूर सांगावी.