लिहिता लिहिता सापडलेल्या लक्ष्मीबाई

नाशिक आणि साहित्य म्हटलं की आपल्याला लगेच कुसुमाग्रज आठवतात. ते बरोबरच आहे. पण याच नाशिकच्या मातीत जन्मलेली आणि इथेच शेवटचा श्वास घेतलेली आणखी एक मोठी लेखिका आहे, जी कधी शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी पुस्तक म्हटलं की अवघड शब्द, लांबलचक वाक्यं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. ‘स्मृतिचित्रे’ हातात घेतलं आणि वाटलं, अरे, ही तर आपली आजी बोलतेय! म्हणूनच या लेखासाठी मी त्यांना निवडलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणायचे. वडील सोवळ्याच्या बाबतीत भयंकर कडक. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अशी शिस्त. मुलींना लिहायला-वाचायला शिकवणं हा विषयच नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी टिळक झाली.

नवरा नारायण वामन टिळक. विद्वान, शीघ्रकवी, मनाने उदार आणि स्वभावाने तितकेच लहरी. आज ही नोकरी, उद्या ती. खिशात पैसा टिकायचा नाही. संसार कसा चालायचा ते लक्ष्मीबाईंनाच ठाऊक! पण याच नवऱ्याने त्यांना अक्षरओळख करून दिली, हेही तितकंच खरं.

पुढे एका रेल्वेप्रवासात टिळकांना एका युरोपियन गृहस्थांनी बायबल वाचायला दिलं. त्यातून विचार सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत असून बायको एकटी. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. पुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यात काही काळ पंढरपूरलाही गेला.

याच काळात त्या कविता करू लागल्या. आपल्या मनात काय चाललंय हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक एक तर कीव करायचे, नाही तर टोमणे मारायचे. अशा वेळी ज्या बाईला धड लिहिता येत नव्हतं, तिला शब्दांचा आधार सापडला. मला वाटतं, त्यांचा स्वतःकडे जाणारा प्रवास इथूनच सुरू झाला.

शेवटी त्या टिळकांकडे परतल्या, पण स्वतःच्या अटींवर. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग हळूहळू लक्ष्मीबाईच स्वतःला प्रश्न विचारू लागल्या, की ही जातपात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी सोवळं सोडलं. कुणी सांगितलं म्हणून सोडलं नाही, स्वतःला पटलं म्हणून. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात कितीतरी पोरकी मुलं वाढली.

१९१९ साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. ते पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी! साठाहून जास्त अध्याय त्यांनी लिहिले. नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने नवऱ्याचं महाकाव्य पुढे नेलं, ही काही साधी गोष्ट नाही.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. म्हणजे लक्ष्मीबाई लिहायला बसल्या त्या टिळकांबद्दल. पण लिहिता लिहिता पानापानांतून त्या स्वतःच उभ्या राहिल्या. पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांचं वय होतं सहासष्ट. शेवटचा, चौथा भाग देवदत्त यांनी लिहिला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाईंचं निधन झालं.

या पुस्तकात मला सगळ्यात काय भावलं सांगू? एवढं सोसूनही त्यात रडगाणं नाही. टिळकांचा मोठेपणा त्या सांगतात आणि त्यांचा विक्षिप्तपणाही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. एकेकाळच्या आपल्या सोवळ्यावर त्या हसतात, पण त्या भाबड्या मनूचा तिरस्कार करत नाहीत. बदल तर त्यांच्यात आधीच झाला होता. पण आपण कुठून निघालो आणि कुठवर आलो, हे त्यांना लिहायला बसल्यावर एकसंध दिसलं असणार. जुन्या ‘मी’कडे असं प्रेमाने हसून बघता येणं, हा मला धर्म बदलण्याइतकाच मोठा बदल वाटतो.

आपण इंजिनिअरिंगवाले काय कमी लिहितो? जर्नल, असाइनमेंट, सबमिशन... एका सेमिस्टरमध्ये रिमच्या रिम संपतात. पण त्यातल्या एका तरी पानावर आपण असतो का? हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता जे मनात येतं, घरची आठवण, बॅकलॉगची भीती, ही ब्रांच मी का घेतली हा प्रश्न, ते कुठेच उतरत नाही. ‘मला लिहिता येत नाही’ हे कारण तर लक्ष्मीबाईंनी शंभर वर्षांपूर्वीच बाद केलंय. ना शाळा, ना डिग्री, ना अलंकारिक भाषा. जसं बोलायच्या तसंच लिहिलं, आणि खरं लिहिलं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा. आणि एक वही अशी ठेवा, जी कुणाकडेही सबमिट करायची नाही.